आल्टोना : उघड्या दरवाज्याचें गांव

हॅम्बर्ग शहराच्या मुद्रेवर तटाचा एक दरवाजा आहे, आणि तो बंद आहे. त्याच्या पश्चिमेस, वेशीला वेस लागून वसलेल्या आल्टोना शहराच्या मुद्रेवरही तटाचा दरवाजाच आहे. पण तो सताड उघडा. एल्ब नदीच्या उजव्या तीरावर, समुद्रापासून सुमारें शंभर किलोमीटर आंत, हीं दोन शहरें चार शतकें शेजारीं शेजारीं नांदलीं. एक श्रीमंत, मानी व सावध. दुसरें नवखें, पैशानें बेताचें आणि येईल त्याला घरांत घेणारें. १९३८ सालीं धाकट्या शहराचें निराळें अस्तित्व संपलें, आणि आज आल्टोना हा हॅम्बर्गचा केवळ एक विभाग म्हणून ओळखला जातो. मोठीं शहरें आसपासचीं गांवें गिळून वाढतात, हा जगाचा नेहमींचाच क्रम आहे. परंतु आल्टोनाची हकीकत त्या क्रमांत बसवून सोडून देण्यासारखी नाहीं. हॅम्बर्गला जें नकोसें होई तें आल्टोना घेत गेलें, आणि त्या घेण्यावरच तें जगलें. शेजाऱ्याच्या बंद दरवाज्यावर ज्याचा संसार चालला असें शहर इतिहासांत विरळाच सांपडेल.

आल्टोनाचा आरंभ कांहीं थोर म्हणावा असा नाहीं. सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत हॅम्बर्गच्या हद्दीबाहेर, एका ओढ्यापलीकडे, दारूचा एक गुत्ता निघाला. त्याच्या भोंवतीं कोळ्यांचीं व कारागिरांचीं कांहीं घरें उठलीं. हॅम्बर्गच्या नगरसभेला हा उपद्व्याप मुळींच रुचला नाहीं. शहरांत मद्यावर कर, धंदा करावयाचा तर कारागीरसंघाची परवानगी, माल आणावयाचा तर जकात. आणि हाकेच्या अंतरावर यांतलें कांहींच नाहीं! ही वस्ती 'आल टू ना', म्हणजे तिकडच्या बोलींत 'फारच जवळ', आली आहे अशी ओरड हॅम्बर्गकरांनीं केली व त्यावरूनच गांवाला आल्टोना हें नांव पडलें, अशी आख्यायिका तेथें सांगतात. भाषापंडितांना ही व्युत्पत्ति सर्वस्वीं मान्य नाहीं. पण व्युत्पत्ति खोटी ठरली तरी ओरड खोटी नव्हती.

ही जमीन शाउएनबुर्ग घराण्यांतील काउंटांची होती. सतराव्या शतकाच्या आरंभीं गादीवर असलेला काउंट एर्न्स्ट हा विद्या व कला यांचा भोक्ता होता, आणि पैसा कोठून येतो हेंही त्याला पक्कें ठाऊक होतें. हॅम्बर्गमध्यें लूथरपंथाखेरीज दुसऱ्या कोणत्याही ख्रिस्ती पंथाला उघड उपासनेची मोकळीक नव्हती. एर्न्स्टनें नेमक्या त्याच लोकांना आपल्या किनाऱ्यावर बोलाविलें. कॅथॉलिक आले, काल्व्हिनपंथी आले, शस्त्र हातीं न धरण्याचें व्रत घेतलेले मेनोनाइट आले. त्यांच्यासाठीं गांवाच्या कडेला एक भाग राखून ठेवण्यांत आला. तेथें हव्या त्या पद्धतीनें देवाची प्रार्थना करावी आणि कोणत्याही कारागीरसंघाचें ओझें न बाळगतां हवा तो धंदा करावा. त्या भागांतील दोन रस्त्यांचीं नांवें आजही 'ग्रोसे फ्रायहाइट' व 'क्लायने फ्रायहाइट' अशीं आहेत. मराठींत सांगावयाचें तर 'थोरली मोकळीक' आणि 'धाकटी मोकळीक'. ही मोकळीक देण्यामागें सहिष्णुतेचें कांहीं उदात्त तत्त्वज्ञान होतें असें समजण्याचें कारण नाहीं. विणकर, व्यापारी व जहाजवाले आपल्या हद्दींत यावेत आणि त्यांच्याबरोबर कर यावा, इतकाच हिशेब त्यांत होता. तथापि त्या काळचा युरोप धर्माच्या नांवानें तीस वर्षें रक्त सांडावयास निघाला होता. अशा वेळीं हिशेबानें दिलेली मोकळीकही, ज्याला ती मिळाली, त्याच्या दृष्टीनें लहान नव्हती.

या मोकळिकीचा सर्वांत बोलका पुरावा एका दफनभूमींत आहे. स्पेन व पोर्तुगाल येथील धर्मछळांतून निसटलेले यहुदी व्यापारी हॅम्बर्गमध्यें येऊन राहिले होते. त्यांचा साखरेचा, मसाल्याचा व हुंडीचा व्यापार हॅम्बर्गला हवा होता. परंतु त्यांच्या मृतांसाठीं शहरांत जागा नव्हती. १६११ सालीं त्यांनीं काउंट एर्न्स्टकडून आल्टोनामध्यें जमिनीचा एक तुकडा विकत घेतला. जगावयाचें हॅम्बर्गमध्यें आणि मातीआड व्हावयाचें आल्टोनामध्यें, असा हा विलक्षण प्रकार सुरू झाला. पुढें जर्मन यहुद्यांनींही शेजारीं आपली दफनभूमि केली. पोर्तुगीज यहुद्यांच्या शिळा जमिनीवर आडव्या निजविलेल्या व कोरीव चित्रांनीं भरलेल्या, तर जर्मन यहुद्यांच्या शिळा उभ्या व अक्षरांनीं भरलेल्या. एकाच कुंपणांत दोन देशांच्या चालीरीति तेथें अजून पाहावयास मिळतात. कवि हाइनरिख हाइने याचे वडील १८२८ पासून याच ठिकाणीं विसावले आहेत.

जर्मन यहुद्यांची स्थिति त्यांच्या पोर्तुगीज धर्मबांधवांहून कठीण होती. हॅम्बर्गनें त्यांना बाहेर घातलें तेव्हां ते आल्टोनाला आले. ग्लूकेल नांवाच्या एका व्यापारी बाईनें सतराव्या शतकाच्या अखेरीस, वैधव्यांत, आपल्या मुलांसाठीं लिहावयास घेतलेलें आत्मवृत्त प्रसिद्ध आहे. तिच्या बाळपणीं तिचें कुटुंबही असेंच आल्टोनाला आलें होतें. पुरुष मंडळी सकाळची प्रार्थना आटोपून परवाना घेऊन हॅम्बर्गमध्यें जात, दिवसभर सोन्याचांदीचा व जवाहिराचा व्यवहार करीत आणि वेशी बंद होण्यापूर्वीं जीव मुठींत धरून परत येत. वाटेंत मारहाण व शिवीगाळ ठरलेलीच. बायकामुलांना तोंपर्यंत चैन पडत नसे. राजकीय सीमा म्हणजे नकाशावरील रेघ असें म्हणणाऱ्यानें हें वर्णन अवश्य वाचावें.

१६४० सालीं शाउएनबुर्गांचा वंश खुंटला आणि आल्टोना डेन्मार्कचा राजा चौथा क्रिश्चन याच्याकडे आलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. आल्टोना डेन्मार्क देशांत गेलें नाहीं. होल्स्टाइन ही जर्मन साम्राज्यांतील एक डची, डेन्मार्कचा राजा तिचा ड्यूक, आणि आल्टोना त्या डचींत. लोकांची भाषा जर्मन, राजा कोपनहेगनचा, असा हा कारभार सव्वादोनशें वर्षें चालला; आणि या काळांतील बहुतेक वर्षें कोणालाही त्यांत विपरीत असें कांहीं वाटलें नाहीं. राष्ट्र म्हणजे भाषा ही कल्पना अद्यापि जन्मावयाची होती.

डॅनिश राजांनीं काउंटांचेंच धोरण पुढें चालविलें. फरक एवढाच कीं त्यांच्या मागें राज्याचें बळ होतें. २३ ऑगस्ट १६६४ रोजीं तिसऱ्या फ्रेडरिकनें आल्टोनाला शहराची सनद दिली आणि बंदर जकातमुक्त केलें. उत्तर युरोपांतील पहिलें मुक्त बंदर म्हणून त्याची गणना होते. हॅम्बर्गच्या नाकासमोर, त्याच नदीवर, जकात न घेणारें बंदर उघडणें ही उघडउघड कुरापत होती. वाढतां वाढतां आल्टोना राजाच्या साऱ्या मुलुखांत कोपनहेगनच्या खालोखाल मोठें शहर झालें.

याच राजघराण्याचा एक धागा मराठ्यांच्या इतिहासापर्यंत पोंचतो. ज्या चौथ्या क्रिश्चनकडे आल्टोना आलें, त्याच्याच माणसांनीं १६२० सालीं तंजावरच्या नायकाशीं करार करून कावेरीच्या मुखापाशीं तरंगमबाडी येथें वखार घातली होती. पुढें तंजावर भोसल्यांकडे आलें तेव्हां डॅनिश लोक त्या जागेचा वार्षिक खंड मराठा राजास देऊं लागले. १७०६ सालीं चौथ्या फ्रेडरिकनें तेथें प्रॉटेस्टंट मिशन स्थापिलें. त्या मिशनमधून आलेला जर्मन पाद्री श्वार्ट्झ हाच सरफोजीराजांचा पालक व गुरु झाला, आणि सरस्वतीमहाल ग्रंथालयास ज्या राजानें वैभव आणिलें त्याच्या विद्याव्यासंगाचें बरेंचसें श्रेय या शिक्षणास देतात. १८४५ मध्यें डॅनिशांनीं तरंगमबाडी इंग्रजांस विकली. एल्बकांठचें गांव आणि कावेरीकांठचें गांव दोनशें पांच वर्षें एकाच मुकुटाखालीं होतें, हें दोन्ही गांवांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल.

असो. चौथ्या फ्रेडरिकच्याच कारकीर्दींत आल्टोनावर सर्वांत मोठें संकट कोसळलें. स्वीडन व डेन्मार्क यांच्यांत युद्ध जुंपलें होतें. डॅनिश सैन्यानें स्वीडनच्या ताब्यांतील श्टाडे शहर तोफांच्या माऱ्यानें जाळलें होतें. त्याचा सूड म्हणून स्वीडिश सेनापति स्टेनबॉक यानें १७१३ च्या जानेवारींत, ८ व ९ तारखांच्या मधल्या रात्रीं, आल्टोनाला आग लावली. शहराचा सुमारें दोनतृतीयांश भाग जळून गेला. कडाक्याच्या थंडींत लोक हॅम्बर्गच्या वेशीकडे धांवले. त्या वेळीं त्या प्रदेशांत प्लेगची सांथ होती, आणि वेशी उघडल्या नाहींत. व्हॉल्तेरनें बाराव्या चार्ल्सच्या चरित्रांत हा प्रसंग वर्णन केला व हॅम्बर्गचें नांव युरोपभर झालें. हॅम्बर्गकरांनीं तें वर्णन खोडून काढण्याचा प्रयत्न केला. सत्य कांहींही असो, आल्टोनाच्या स्मरणांत ती रात्र बंद दरवाज्याची म्हणूनच राहिली. राजानें शहर पुन्हां बांधविलें. श्टालक्नेख्ट नांवाच्या कारागिरानें नवें नगरगृह उभारलें, आणि थोरल्या मोकळिकींत कॅथॉलिकांचें देऊळ, मेनोनाइटांचें देऊळ, काल्व्हिनपंथीयांचें देऊळ हीं पुन्हां एकमेकांच्या शेजारीं दिसूं लागलीं.

पुढील शंभर वर्षें आल्टोनाच्या भरभराटीचीं. सर्व तपशील येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. दोन माणसांचा उल्लेख केला म्हणजे पुरे. योहान श्ट्रुएन्से हा अठराव्या शतकाच्या मध्यास आल्टोनाचा सरकारी वैद्य होता. गरिबांच्या खोल्यांतून फिरतांना राज्यकारभाराविषयीं त्याचीं जीं मतें बनलीं तीं घेऊन तो राजाचा वैद्य म्हणून कोपनहेगनला गेला, पाहतां पाहतां राज्याचा सूत्रधार झाला, १७७० मध्यें त्यानें छापखान्यावरील सर्व निर्बंध उठविले, आणि १७७२ मध्यें वधस्तंभावर गेला. दुसरा हाइनरिख शूमाखर. या ज्योतिर्विदानें राजाश्रयानें आल्टोनाच्या पाल्माइल रस्त्यावर वेधशाळा उभारली आणि १८२१ पासून 'आस्ट्रोनॉमिशे नाखरिख्टेन' हें ज्योतिषविषयक नियतकालिक काढलें. खगोलशास्त्राचें आजही चालू असलेलें असें सर्वांत जुनें नियतकालिक तेंच. गाउससारखे गणिती त्यांत लिहीत. हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांना पश्चिमेकडील या गांवढळ शेजाऱ्याचें हें नांव परदेशी पंडितांच्या तोंडून ऐकावें लागलें.

नेपोलियनच्या काळीं सीमेचा उपयोग अगदींच निराळा झाला. १८०६ सालीं फ्रेंचांनीं हॅम्बर्ग घेतलें व इंग्रजी मालाची नाकेबंदी केली. आल्टोना डेन्मार्कचें, म्हणून फ्रेंच जकातदारांचा अंमल ओढ्याच्या अलीकडेच थांबे. साखर आणि कॉफी आल्टोनामध्यें स्वस्त व हॅम्बर्गमध्यें सोन्याच्या मोलानें विकली जाऊं लागली. नेपोलियनचा एके काळचा चिटणीस बूरिएन हा त्या वेळीं हॅम्बर्गमध्यें फ्रेंच वकील होता. त्याच्या आठवणींत आहे तें असें: बांधकामासाठीं वाळूच्या गाड्या सीमेवरून येत, त्यांत वर वाळूचा थर आणि खालीं साखर. तें उघडकीस आल्यावर त्या वस्तींतून निघणाऱ्या प्रेतयात्रांची संख्या एकाएकीं वाढली. शेवटीं पहारेकऱ्यांनीं एक शववाहिका उघडून पाहिली. आंत साखर, कॉफी व नीळ व्यवस्थित रचून ठेविली होती.

परंतु हसूं फार काळ टिकलें नाहीं. १८१३ च्या अखेरीस हॅम्बर्गला वेढा पडण्याचीं चिन्हें दिसतांच मार्शल दावू यानें, ज्यांच्या घरीं महिनोन्‌ महिने पुरेल इतकें धान्य नाहीं अशा सर्वांस शहराबाहेर काढलें. नाताळचे दिवस, गोठवणारी थंडी, आणि हजारों म्हातारे, आजारी माणसें व मुलें हिमांत उभीं. आल्टोनानें त्यांना घेतलें. आल्टोनाचा मुख्याधिकारी काउंट ब्ल्यूखर यानें या कामीं आपलें सर्व वजन खर्च केलें. पुढें राजानें त्याच्या आडनांवास शहराचेंच नांव जोडण्याचा मान दिला. तरीही सांथीनें व उपासमारीनें यांतील अकराशेंहून अधिक निर्वासित मेले व शेजारच्या ओटेन्सेन गांवीं पुरले गेले. १७१३ च्या रात्रीचा जमाखर्च कोणी मांडला होता कीं नाहीं कोण जाणे. मांडला असलाच तर तो आल्टोनानें उलट बाजूनें फेडला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या शहराची उपयुक्तता कमी होत गेली. १८४४ मध्यें कीलपर्यंत आगगाडी सुरू झाली. १८६० च्या अखेरीस हॅम्बर्गच्या वेशी सूर्यास्तानंतर बंद करण्याची चाल संपली. तोंवर रात्रीं शहरांत शिरणारास पैसे मोजावे लागत. १८६४ च्या युद्धांत डेन्मार्कनें होल्स्टाइन गमावलें आणि १८६७ पासून आल्टोना प्रशियाचें झालें. १८८८ मध्यें हॅम्बर्गही जर्मन जकातसंघांत आलें. आतां ओढ्याच्या अलीकडे व पलीकडे एकच नाणें, एकच जकात, एकच सम्राट. धर्माची मोकळीकही सर्वत्र झालेली. ज्या बंद दरवाज्यावर आल्टोना जगलें तो हळूहळू किलकिला होत होता. आल्टोना मासळीचें बंदर व कारखान्यांचें गांव बनलें. १८८९ मध्यें त्यानें स्वतःही ओटेन्सेन हें शेजारचें शहर पोटांत घेतलें. लहान मासा अधिक लहान माशाला गिळीतच असतो.

अशा वेळीं, जणू शेवटचें एकदां, ती सीमा जीवनमरणाची ठरली. १८९२ च्या ऑगस्टमध्यें हॅम्बर्गला कॉलरा झाला. कांहीं आठवड्यांत सुमारें सतरा हजार लोक आजारी पडले व साडेआठ हजारांहून अधिक मेले. पश्चिम युरोपांत एवढी भयंकर सांथ त्यानंतर झाली नाहीं. बर्लिनहून रॉबर्ट कॉख आला. आठ वर्षांपूर्वीं कलकत्त्यास तळ्यांच्या पाण्यांत त्यानें ज्या जंतूचा माग काढला होता तोच येथें त्याच्यापुढें उभा होता. म्युनिकचा पेटेनकोफर व त्याचे अनुयायी मात्र मानीत कीं केवळ जंतूनें कॉलरा होत नाहीं. जमीन, भूजल, हवा व ऋतु यांचा योग जुळावा लागतो. हा वाद प्रयोगशाळेंत सुटणारा नव्हता. तो सुटण्यास अशा दोन वस्त्या हव्या होत्या, कीं ज्यांची जमीन एक, हवा एक, लोकांची राहणी एक, आणि फक्त पाणी निराळें. जगांत त्या वेळीं अशी जागा एकच होती, आणि तिच्या मधून हॅम्बर्ग व आल्टोना यांची जुनी सीमा जात होती.

दोन्ही शहरें एल्बचेंच पाणी पीत. हॅम्बर्ग तें शहराच्या वरच्या अंगास उपशी. परंतु भरतीच्या वेळीं नदी उलटी वाहते व शहराची घाण वर चढते. १८४२ च्या मोठ्या आगीनंतर इंग्रज इंजिनियर लिंडली यानें तेथील पाणीपुरवठा बांधला तेव्हां पाणी गाळून घेण्याची सूचना त्यानें केली होती. नगरसभेनें खर्चाकडे पाहून ती बाजूस ठेविली. नळांतून कधीं कधीं लहान मासेही येत, आणि लोक त्याचे विनोद करीत. आल्टोनाची स्थिति वस्तुतः अधिक वाईट होती. त्याची उपसा करण्याची जागा ब्लान्केनेजला, खालच्या अंगास. म्हणजे दोन्ही शहरांचीं गटारें नदींत मिळाल्यावर जें पाणी उरे तें आल्टोनाच्या वांट्यास. तें तसेंच पिणें शक्यच नव्हतें. म्हणूनच १८५९ पासून आल्टोनाचें पाणी जाड वाळूच्या थरांतून सावकाश झिरपवून घेतलें जाई. ही काळजी शास्त्राच्या ज्ञानानें घेतली नव्हती; जंतूंचा शोधच तेव्हां लागला नव्हता. गढूळ पाणी दिसावयास घाणेरडें, एवढेंच कारण.

सांथ आली आणि ती सीमेवर येऊन थांबली. एकाच रस्त्याची एक बाजू हॅम्बर्गची, दुसरी आल्टोनाची. पहिल्या बाजूस घराघरांतून प्रेतें निघत असतां समोरची बाजू जवळजवळ निरोगी. सीमेवरील एक चाळवजा वस्ती तर हॅम्बर्गच्या जमिनीवर असून तिला नळ मात्र आल्टोनाचा होता. तेथें शेंकडों माणसें राहत होतीं, आणि तेथें रोग शिरला नाहीं. आल्टोनामध्यें जे थोडे लोक दगावले त्यांतील बहुतेकांना हॅम्बर्गमध्यें कामास गेलें असतां रोग जडला असावा, असें कॉखचें मत पडलें. नदी, माती व आकाश यांना साक्षीस ठेवून निसर्गानेंच हा प्रयोग करून दाखविला होता. पेटेनकोफरनें त्याच ऑक्टोबरांत कॉलऱ्याचे जंतु असलेलें द्रव्य सर्वांदेखत पिऊन आपलें मत सिद्ध करण्याचें धैर्य दाखविलें, व तो वांचलाही. पण मत वांचलें नाहीं. पुढल्याच हिंवाळ्यांत आल्टोनामध्यें थोडीशी सांथ उद्भवली, आणि तपासांत असें दिसून आलें कीं साफ करतांना गोठून बिघडलेल्या एका वाळूच्या थरांतून पाणी नीट न गाळतां गेलें होतें. हा अपवादही नियमाचा साक्षीदारच ठरला. हॅम्बर्गनें आपले गाळणीचे हौद १८९३ मध्यें घाईघाईनें पुरे केले. इंग्लंडपासून हिंदुस्थानपर्यंत ज्या ज्या नगरपालिकांनीं पुढें वाळूच्या गाळण्या बांधल्या, त्यांच्या इंजिनियरांना आल्टोना हें नांव पाठ होतें.

आल्टोनाच्या स्वाभिमानाचे ते दिवस. जुन्या आगगाडीच्या स्टेशनाचें रूप पालटून १८९८ मध्यें तेथें पांढरेंशुभ्र नवें नगरगृह झालें. १९०० मध्यें जवळच एक कारंजें बसविण्यांत आलें. त्यांत अर्धे मनुष्य व अर्धे घोडे असे दोन सेंटॉर एका प्रचंड माशासाठीं झुंजत आहेत. ते दोघे कोण हें आल्टोनामध्यें लहान मुलालाही विचारावें लागत नसे.

पहिल्या महायुद्धानंतर मॅक्स ब्राउएर हा कांचकामगाराचा मुलगा १९२४ मध्यें नगराध्यक्ष झाला. गुस्ताफ एल्स्नर या शिल्पज्ञाच्या साहाय्यानें त्यानें कामगारांसाठीं हवेशीर घरें बांधलीं आणि नदीकांठच्या श्रीमंतांच्या बागा विकत घेऊन सर्वांस खुल्या केल्या. १९२७ मध्यें ब्लान्केनेजसह अनेक गांवें आल्टोनामध्यें आलीं. हॅम्बर्गमध्यें विलीन व्हावें कीं नाहीं, ही चर्चा याच काळांत वारंवार निघे, आणि दोन लोकसत्ताक सरकारें ती समजुतीनें मिटवितील असा रंग होता. परंतु तसें व्हावयाचें नव्हतें.

१७ जुलै १९३२ रोजीं, रविवारीं, सुमारें सात हजार गणवेशधारी नाझी स्वयंसेवकांनीं जुन्या आल्टोनाच्या कामगारवस्तींतून संचलन केलें. त्या अरुंद गल्ल्यांत कम्युनिस्टांचा जोर होता. चकमक होणार हें संचलनास परवानगी देणाऱ्यांनाही समजत होतें. गोळ्या सुटल्या, पोलिसांनीं वस्ती रिकामी करण्यासाठीं बेसुमार गोळीबार केला आणि सायंकाळपर्यंत अठरा माणसें मेलीं. त्यांत नाझी दोन. उरलेले बहुतेक तेथले रहिवासी, व बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनीं मेलेले. बर्लिनमध्यें फोन पापेन याला हवें असलेलें निमित्त मिळालें. तीनच दिवसांनीं त्यानें प्रशियाचें लोकनियुक्त सरकार बरखास्त केलें. जर्मन लोकशाहीचा हा एक आधारस्तंभ आल्टोनाच्या गल्लींत उडालेल्या गोळ्यांच्या नांवावर पाडण्यांत आला.

हिटलर सत्तेवर आल्यावर या दिवसाचा सूड न्यायाच्या वेषांत उगवण्यांत आला. खास न्यायालयानें बनावट पुराव्यावर चार कम्युनिस्टांना दोषी ठरविलें आणि १ ऑगस्ट १९३३ रोजीं आल्टोनाच्या न्यायालयाच्या आवारांत कुऱ्हाडीनें त्यांचीं मस्तकें उडविण्यांत आलीं. आउगुस्ट ल्यूट्गेन्स, वाल्टर म्योलर, कार्ल वोल्फ आणि ब्रुनो टेश हीं त्यांचीं नांवें. टेश अवघ्या वीस वर्षांचा होता. आल्टोनाचा पोलिसप्रमुख एगरश्टेट छळछावणींत मारला गेला. ब्राउएर परागंदा झाला. तो चीनमध्यें व पुढें अमेरिकेंत राहिला.

मग २६ जानेवारी १९३७ रोजीं 'बृहत् हॅम्बर्ग' कायदा झाला. त्यानें १ एप्रिलपासून आल्टोना हॅम्बर्गकडे दिलें, आणि वर्षभरानें आल्टोनाची नगरपालिकाही संपली. कोणास कांहीं विचारावें ही प्रथाच तेव्हां उरली नव्हती. व्यापारी हॅम्बर्गला चारशें वर्षांत जें साधलें नाहीं, तें एका सहीनें झालें. आल्टोनाच्या उंच कांठावर अडीचशें मीटरची इमारत व तेथून नदीवर अवाढव्य झुलता पूल असा नव्या सत्तेचा बेत होता. सुदैवानें तो कागदावरच राहिला. कागदावर न राहिलेल्या गोष्टी मात्र पुष्कळ होत्या. २८ ऑक्टोबर १९३८ रोजीं हॅम्बर्ग व आल्टोना येथील सुमारें हजार पोलिश यहुद्यांना घरांतून उचलून आल्टोना स्टेशनांतून पोलंडच्या सीमेवर हांकलून देण्यांत आलें. ज्या गांवाचा उदय हद्दपारांना जागा देण्यांत झाला, त्याच गांवाच्या फलाटावरून ही गाडी सुटली. १९२५ ते १९३६ आल्टोनाचे मुख्य रब्बी असलेले योसेफ कार्लेबाख यांना १९४२ च्या मार्चमध्यें रीगाजवळ ठार मारण्यांत आलें. १९४३ च्या जुलैमधील बॉम्बवर्षावांत जुनें आल्टोना, श्टालक्नेख्टच्या नगरगृहासकट, जवळजवळ सबंध नाहींसें झालें.

ब्राउएर १९४६ मध्यें परत आला, तेव्हां त्याचें शहर राहिलेलें नव्हतें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लोकांनीं निवडलेल्या सभेनें त्याला नगराध्यक्ष केलें, हॅम्बर्गचा. चौघा तरुणांच्या वधाचा निकाल रद्द होण्यास मात्र १९९२ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

पांढऱ्या नगरगृहांत आतां विभागाची कचेरी आहे, आणि कारंज्यावरील दोघे अजूनही माशासाठीं झुंजत आहेत. दर रविवारीं पहांटे नदीकांठीं मासळीबाजार भरतो. तो १७०३ पासून भरत आला आहे. 'थोरली मोकळीक' हा रस्ता मात्र आल्टोनाकडे राहिला नाहीं. १९३८ च्या नव्या आंखणींत तो सांक्ट पाउली या शेजारच्या भागांत घालण्यांत आला. मेनोनाइट व कॅथॉलिक जेथें उपासनेसाठीं आले त्याच रस्त्यावर पुढें नाचगाण्याचे अड्डे निघाले, आणि १९६० च्या ऑगस्टमध्यें त्यांतील 'इंद्रा' नांवाच्या एका अड्ड्यांत लिव्हरपूलचीं पांच अनोळखी पोरें पहिल्यानें गाऊं लागलीं. त्यांच्या तांड्याचें नांव 'बीटल्स'. कॅथॉलिकांचें जुनें देऊळ तेथेंच, त्याच रांगेंत, अजून उभें आहे.